चौदाव्या वर्षाची रेघ

(सणसर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आरोग्यावर मी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. मी अर्थशास्त्राचा शिक्षक. वैद्यकाशी माझा संबंध आला तो रोगी म्हणूनच. परंतु अकरा ते पंधरा या वयातील मुलांची शरीरे कशी वाढतात, हा प्रश्न अखेर अन्न, श्रम आणि मजुरी यांच्या वाटपाचा आहे. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याभोवती राहणाऱ्यांना तो परका वाटण्याचे कारण नाही.

प्रथम शरीराचा जमाखर्च पाहू. मुलगी दहाव्या-अकराव्या वर्षापासून झपाट्याने वाढू लागते. मुलाची वाढ सुमारे दोन वर्षांनी वेग घेते. हाडे भरतात, रक्त वाढते, त्यामुळे लोह अधिक लागते. मुलीला पाळी सुरू झाल्यावर दरमहा जाणाऱ्या रक्ताचीही भरपाई करावी लागते. ती न झाल्यास दम लागतो, अभ्यासात मन रमत नाही, आणि घरचे तिला आळशी ठरवून मोकळे होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आढळल्या. भाकरीबरोबर कोरा चहा घेतला तर अन्नातील लोह अंगी कमी लागते, हेही आपल्या बैठकींतून कोणी सांगत नाही.

आता या वयाशी राज्यसंस्थेचे वर्तन कसे आहे? शाळेतील भोजन आठवीपर्यंत. २००९ च्या कायद्याने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा वर्षांपुरता. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तरी चौदा ते अठरा वयाच्या मुलांना मज्जाव आहे तो केवळ धोक्याच्या कामांत. शरीराची गरज तीव्र असतानाच ताट, बाक आणि संरक्षण ही तिन्ही एकाच रेघेवर हातची जातात. ही रेघ कोणत्या शरीरशास्त्राने आखली?

त्या रेघेपलीकडे काय आहे, ते आपल्या शिवारात दिसते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि तो तोडण्यासाठी मराठवाड्यातून, नगरकडून टोळ्या येऊ लागल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्याचा अर्धा. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. अशा हिशेबात मुलीचे लग्न हा मजुरीच्या कराराचाच भाग बनतो. त्याच पाहणीत बीड जिल्ह्यात २०-२४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झाल्याचे दिसले. राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आहे. कमरेचे हाड पुरते वाढण्याआधी बाळंतपण येते, डोक्यावर मोळ्या चालूच राहतात. ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढल्याच्या प्रकरणाचा २०१९ साली गवगवा झाला, समिती नेमली गेली. परंतु तेव्हाही त्या स्त्रियांच्या तेराव्या-चौदाव्या वर्षाबद्दल फारसे कोणी विचारले नाही.

लग्न न झालेल्या मुलीची गतही निराळी नाही. पहाटे आई-बाप फडात गेले की कोपीवर धाकटी भावंडे, पाणी, सरपण तिच्याकडे. नाव गावाकडच्या शाळेच्या पटावर, शरीर इथे. मग जेवण आणि आठवड्याची लोहाची गोळी तिला कोठे मिळणार? पाळीच्या दिवसांत आडोसा म्हणजे उसाचा फड, तोही रोज तुटत जाणारा.

कोणी म्हणेल, ही मुले आपल्या तालुक्याची नाहीत, त्यांच्या आईबापांची मतेही इथे नाहीत. खरे आहे. म्हणूनच त्यांची मागणी कोणी करत नाही. शालेय भोजन दहावीपर्यंत वाढवा, ही मागणी आपण राज्य पातळीवर लावून धरलीच पाहिजे. परंतु तोवर थांबण्याची गरज नाही. वर्ष सुरू झाल्यानंतरही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही आणि जन्माचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही, असे २००९ चा कायदाच सांगतो. दिवाळीनंतर टोळ्या उतरल्या की पहिल्याच आठवड्यात दोघा-दोघांनी, त्यांत एक भगिनी असावी, कोप्यांवर जाऊन दहा ते अठरा वयाच्या मुलामुलींची यादी करावी. तिची एक प्रत मुख्याध्यापकांना, दुसरी उपकेंद्रातील परिचारिकेला आणि तिसरी कारखान्याच्या शेतकी खात्याला पोच घेऊन द्यावी.