चार रुपयांचा गोलंदाज



खेळ हौसेसाठी खेळावा की पोटासाठी, हा वाद जुना आहे. १८९५ साली उत्तर इंग्लंडातील रग्बी क्लब याच प्रश्नावर मूळ संघटनेतून फुटले. खेळापायी बुडालेली मजुरी खेळाडूला भरून द्यावी, एवढेच त्यांचे मागणे होते. तेथे भांडण निदान उघड तरी झाले. आपल्याकडे त्याच सुमारास पोटासाठी मैदानावर आलेला एक असामान्य खेळाडू होता. त्याच्यासाठी भांडायला मात्र कोणी नव्हते. पालवणकर बाळू हे त्याचे नाव.

आडनाव आपल्या कोकणातले. जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणे चांभार समाजातले, वडील पलटणीत. पुण्यात बाळू प्रथम पारशी क्लबात तीन रुपये महिन्यावर राबला. पुढे गोऱ्यांच्या क्लबात चार रुपये झाले. त्या मोबदल्यात खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेगसाहेबांना त्याने तासन्‌तास गोलंदाजी केली. त्याच्या हाती बॅट मात्र कोणी कधी दिली नाही, असे सांगतात. परंतु त्या चार रुपयांच्या चाकरीतच त्याची डावखुरी फिरकी घोटली गेली.

ती पाहून पुण्याच्या हिंदू संघाने त्याला घेतले. मैदानावर सर्वांचा चेंडू एकच. चहाच्या वेळी मात्र बाळू मंडपाबाहेर, हातात वेगळे मातीचे भांडे! त्याने काढलेले बळी चालत, त्याने शिवलेला पेला चालत नसे.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळूचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात आपला संघ बहुतेक सामने हरला. बाळूने मात्र ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कप्तानपद त्याला कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. १९५५ साली बाळू वारला.

‘खेळासाठी खेळ’ हे वचन गोड खरे; पण ते बोलायला आधी पोट भरलेले असावे लागते. बाळूने मजुरी घेतली, यात आम्हांला कमीपणा दिसत नाही. कमीपणा दिसतो तो आमचाच. मजुरी मोजून दिली, आणि मान द्यायच्या वेळी हात आखडला.