पहिला लेख कशावर?

(मंगला गौरी, वाराणसी येथील भाषण)



मंगला गौरीच्या या परिसरात मराठी कुटुंबे कित्येक पिढ्या नांदत आली आहेत. भोवती हिंदी असताना घरातली भाषा जतन करणे म्हणजे काय, हे आपणास वेगळे सांगावयास नको. म्हणूनच ज्या भाषांना मराठीइतके बळ लाभलेले नाही, त्यांच्या ज्ञानकोशाचा प्रश्न आपल्यापुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

ज्ञानकोश हे आजवर समर्थ भाषांचेच काम मानले गेले. याच नगरीतील नागरीप्रचारिणी सभेने १९६० ते १९७० या काळात हिंदी विश्वकोशाचे १२ खंड काढले, ते शासनाच्या द्रव्यसाहाय्याने. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी भागभांडवल उभारून ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. पण त्याआधी, १९७३ साली, परिभाषासंग्रहाचा खंड सिद्ध करावा लागला. छापखाना, पैसा आणि परिभाषा या तिन्हींची जुळणी झाल्यावाचून कोश उभा राहत नसे.

आंतरजालाने यांतील पहिल्या दोन अडचणी पुष्कळ हलक्या केल्या. संताळी भाषेचेच उदाहरण घ्या. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ साली ओल चिकी लिपी निर्माण केली. २००३ सालच्या घटनादुरुस्तीने संताळीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. २००८ साली ही लिपी युनिकोड या संगणकीय लिपिसंकेतात समाविष्ट झाली आणि २ ऑगस्ट २०१८ रोजी संताळी विकिपीडिया स्वतंत्रपणे सुरू झाला. नव्या भाषेचा विकिपीडिया आधी प्रायोगिक स्वरूपात चालवावा लागतो. काही महिने नियमितपणे लिहिणारी माणसे असावी लागतात, आणि पडद्यावरील सूचनांची त्या भाषेत योजना करावी लागते. येथे धन लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

आता महाराष्ट्राकडे वळू. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या सुमारे ३० लाख होती. ते अनेक राज्यांत विभागलेले आहेत. कोणी देवनागरीत लिहितो, कोणी तेलुगू लिपीत. शिवाय मसराम आणि गुंजाळा अशा स्वतःच्या दोन लिप्याही आहेत. निरनिराळ्या राज्यांतील गोंडी भाषकांनी एकत्र बसून तयार केलेला प्रमाण शब्दकोश २०१८ साली पुढे आला. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. अशा भाषेत ज्ञानकोश आरंभावयाचा झाल्यास पहिला लेख कशावर असावा?

भाषांतरकार या नात्याने माझ्याकडून एका उत्तराची अपेक्षा असेल: इंग्रजी किंवा हिंदीतील तयार लेख गोंडीत उतरवावेत. मला हा मार्ग आरंभी तरी घातक वाटतो. उसन्या मजकुराबरोबर उसन्या संज्ञा येतात, आणि ज्याच्यासाठी कोश काढावयाचा त्या वाचकालाच तो परका होतो. शिवाय गोंडांविषयीचे बहुतेक लेखन आजवर बाहेरच्यांनी केले. तेच उलटून गोंडीत आणले, तर गोंड मुलाने स्वतःची ओळखही दुसऱ्याच्या नजरेतून वाचावी लागेल. पहिला लेख मोहाच्या झाडावर असावा, गोटुलावर असावा, गावच्या नदीवर असावा. त्या विषयांतील शब्द भाषेत आधीच नांदत आहेत. ते लिहिता लिहिता हात बसेल, लेखनाचे नियम ठरतील. मग विद्युत् आणि संविधान यांवरचे लेखही त्याच हाताला सुचतील.

यात एक खरी अडचण आहे. विकिपीडियाला प्रकाशित आधार हवा असतो, आणि येथील ज्ञान तर वृद्धांच्या मुखी आहे. तेव्हा कोशाच्या आधीचे काम म्हणजे ऐकणे आणि टिपणे हे होय. कोणी सांगितले, कोठे, केव्हा, याची नोंद ठेवून सांगणाऱ्याच्या संमतीने छोट्या पुस्तिका काढाव्यात. त्याच उद्याचे आधारग्रंथ ठरतील. सरकारी प्रकाशनसंस्था, विद्यापीठे आणि ग्रामसभा यांनी येथे हात दिला पाहिजे. हे काम लांबणीवर टाकता येणारे नाही, कारण सांगणारी पिढी थांबणार नाही.

भाषांतराला त्यानंतर वाव आहेच. गोंडीत असे लेख लिहिले गेले, की ते मराठीत आणण्याचे काम आम्हा भाषांतरकारांचे. ज्ञानाचा ओघ एकदा तरी तिकडून इकडे वाहू द्यावा, एवढीच माझी विनंती आहे.