एक दिवस सोलापूर पाहण्यासाठी

आमच्या जळकोटहून सोलापूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. हमरस्त्यावर उभे राहिले की गाडी मिळते. सोलापूरला गेला नाही असा माणूस गावात शोधून सापडायचा नाही. पण गेला तो कशाला? आडतीवर माल घालायला, लग्नाचा बस्ता बांधायला, नाही तर दवाखान्यात. बायकांचे तर विचारूच नका. कित्येक म्हाताऱ्यांनी सोलापूर पाहिले ते दवाखान्याच्या खिडकीतून, जेवढे दिसले तेवढेच.

शहर नुसते पाहायला आणि खायला जायचे, ही कल्पना आपल्याकडे चैनीची वाटते. तिकडे इटलीत नेपल्स नावाचे एक गजबजलेले बंदर आहे. जगभरचे लोक तेथे पिझ्झा खायला जातात. पिझ्झा म्हणजे काय हो? भट्टीत भाजलेली मैद्याची पोळी आणि वर टोमॅटो. मुळात गोरगरिबांचे खाणे. ते करण्याच्या कसबाला युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या वारशात जागा दिली.

आता आपली कडक भाकरी घ्या. ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि वाळवून पापडासारखी कुरकुरीत करायची. ती बरेच दिवस टिकते. सोबत शेंगाची चटणी. शेंगदाणे भाजून, लसूण, तिखट, मीठ घालून उखळात असे कुटायचे की दाण्याचे तेल आपोआप सुटावे. सोलापूरच्या बाजारात या दोन्ही जिनसा पुडक्यांत बांधून विकल्या जातात आणि पुण्यामुंबईचे लोक आवडीने नेतात. आमच्या घरच्या बाईला हे दाखवले पाहिजे. आपल्या हातच्या जिनसेला बाजारात किंमत आहे, हे तिला दुकानासमोर उभे राहूनच कळेल. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा खर्चाची सबबही निम्मी झाली.

पोटोबा झाला की सिद्धेश्वराला जावे. तळ्याच्या मधोमध देऊळ आणि काठालाच भुईकोट किल्ला. दोन्ही पायी होते. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा भरते. उंचच उंच नंदीध्वज खांद्यावर तोलत मिरवणूक निघते आणि सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचे लग्न लागते. गर्दी सोसत असेल तर तेव्हा जावे. लहान मूल बरोबर असेल तर जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत.

या शहरात कान उघडे ठेवावेत. एका पेठेत मराठी, दुसरीत कन्नड, तिसरीत उर्दू, आणि पूर्व भागात तेलुगू. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी मागावर बसून सोलापुरी चादरीचे नाव सगळीकडे नेले. मोठ्या कापडगिरण्या बंद पडल्या, तरी यंत्रमागाची खडखड अजून ऐकू येते.

शिक्षक बंधुभगिनींना एक सांगणे आहे. सहलीत मुलांना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी उभे करा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला या चौघांना फाशी झाली. ही चार नावे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. मग डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचे घर दाखवा. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा मुलगा १९३८ साली चीनमध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला गेला आणि १९४२ साली तिकडेच वारला.

आणि वाटेचेही सांगा. निजामी राजवटीत ही वाट सरहद्द ओलांडून जाई. रझाकारांच्या धामधुमीत मराठवाड्यातल्या पुष्कळ कुटुंबांनी सोलापूरकडे आसरा घेतला होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज याच रस्त्याने आली. बोरी नदीवरचा पूल हाती घेऊन रणगाडे नळदुर्गाहून सकाळी नऊच्या सुमारास जळकोटात पोचले. आज त्याच रस्त्याने आपण पिशवी घेऊन डुलक्या काढत जातो.

परतताना दिवस शिल्लक असेल तर नळदुर्गला उतरावे. नदीच्या बांधातच आदिलशाहीत बांधलेला पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नदी भरली की बांधावरून धबधबे कोसळतात आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. तेथून जळकोट आठच किलोमीटर. कडक भाकरीचे पुडके मात्र तोवर फोडू नका, घरी पोरे वाट पाहत असतात.