छपराखालचा पिवळा कापूस

आज बोलायचंय जुन्या शेडच्या छपरातून निघणाऱ्या पिवळ्या कापसाबद्दल.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाने मसाल्याच्या कामासाठी गावाबाहेरची एक बंद पडलेली शेड भाड्याने घेतली. वर पत्रे, पत्र्याखाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी आणि जाळीवर पिवळा कापूस अंथरलेला. जाळी गंजली होती, कापूस लोंबत होता. मिस्त्री म्हणाला, "साधा कापूस आहे. तुम्हीच काढा, मजुरी वाचेल." आम्ही चौघी पदर नाकाला बांधून लागलो की कामाला. ओढला, खाली टाकला, खराट्याने झाडला. संध्याकाळी हात, मान, पोट, सगळीकडे खाज. एकीने कढत पाण्याने अंग घासून घासून धुतलं, तर आग आणखी वाढली. आणि आमच्या एका काकूंनी त्यातला मऊ कापूस बघून, नातवाच्या पाळण्यात उशी करायची म्हणून पिशवीभर घरी नेला होता! रात्री कळलं तेव्हा धावत जाऊन तो परत आणला. उशी शिवायची राहिली होती, हे नशीब.

तो कापूस नव्हताच. ती काच होती. वितळलेल्या काचेचे केसाहून बारीक धागे ओढून त्याचा लोकरीसारखा थर करतात. त्याला ग्लासवूल म्हणतात. दगड वितळवून करतात ते रॉकवूल. दोन्ही पत्र्याची धग आणि आवाज अडवायला वापरतात. आपल्याला झाली ती ॲलर्जी नव्हती, काचेची बारीक टोकं कातडीत टोचत होती. तीच टोकं डोळ्यांत आणि घशात गेली की डोळे चुरचुरतात, खोकला लागतो. दम्याच्या माणसाला जास्तच त्रास होतो.

याने कॅन्सर होतो का, असं बायका विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९८८ साली या लोकरीबद्दल तशी शंका धरली होती. पुढे २००१ साली पुन्हा पुरावे तपासून इमारतीत वापरतात त्या ग्लासवूल आणि रॉकवूलला त्या यादीतून खाली आणलं. तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. पण जुन्या लोकरीचे धागे शरीरात विरघळायला जास्त वेळ लागतो, म्हणून जर्मनीसारख्या देशात जुनी लोकर काढायचे नियम कडक आहेत. धूळ छातीत जाऊ द्यायची नाही, एवढं आपणही पाळायचं.

खरी भीती दुसऱ्याची आहे, ॲस्बेस्टॉसची. जुन्या कारखान्यातल्या पाइपांवर, बॉयलरवर पांढरट-करडा, लेपासारखा थर दिसला किंवा जुने करडे सिमेंटचे पत्रे दिसले, तर हात लावू नका. फोडू नका, घासू नका, भोक पाडू नका. ॲस्बेस्टॉसने कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेलं आहे, आणि आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी वर येतो. जगात अशा बायका आजारी पडल्या आहेत ज्या कधी कारखान्यात गेल्याच नाहीत. त्यांनी फक्त नवऱ्याचे धुळीचे कपडे झटकले आणि धुतले. नुसतं बघून ॲस्बेस्टॉस ओळखता येत नाही, प्रयोगशाळेत तपासावं लागतं. शंका असेल तर काम थांबवा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर तर पायही ठेवू नका, तो एकदम फुटतो आणि माणूस खाली येतो.

आता ग्लासवूलचं. पहिला प्रश्न, काढायची गरज आहे का? थर धड असेल, कोरडा असेल, तर तसाच ठेवून खालून छत बंद करून घ्या. खाली मसाला, पापड होणार असतील तर छत फटी न ठेवता बंद हवं. लोंबत असेल, भिजला असेल, उंदरांनी घर केलं असेल, तर काढायचा. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, म्हणून हाताला जखम असेल तर हे काम करू नका.

काढायचं तर सकाळी काढा, दुपारी पत्र्याखाली भट्टी होते. आधी वीज बंद. पोरंबाळं, गरोदर बाई, दमेकरी लांब. शेतात घालतो तसा साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल, डोळ्यांना गॉगल. हातमोजे बांगड्यांच्या वरपर्यंत ओढून घ्या. नाकाला पदर चालत नाही, धागे त्यातून आरपार जातात. एन-९५ मास्क घ्या, दोन्ही पट्टे डोक्यामागे आणि नाकावरची पट्टी दाबून बसवा.

फवारणीच्या पंपाने थोडं पाणी मारा. पंप नवा किंवा फक्त पाण्याचा हवा, औषध मारलेला नको. ओलसर झालं की धूळ उडत नाही. मोठे तुकडे हळूच काढा, गुंडाळा, तिथेच जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधा. वरून खाली फेकू नका. खताच्या विणलेल्या गोणीतून धागे गळतात, आत प्लास्टिक असेल तरच ती घ्या. शेवटी झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकंही त्याच पिशवीत टाका.

काम झालं की अंगावर आधी नुसतं गार पाणी ओता, चोळू नका. धागे वाहून गेले की मग साबण लावा. डोळ्यांत गेलं तर स्वच्छ पाण्याने धुवा, नाही थांबलं तर डॉक्टरकडे जा. कपडे झटकायचे नाहीत, घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवायचे आणि बादली विसळून टाकायची.

पिशव्या उकिरड्यावर, ओढ्यात टाकू नका, गुरं तोंड घालतात. जाळूही नका. काच जळत नाही, तिच्यातला डिंक आणि वरचा चंदेरी कागद जळून घाण धूर होतो. ग्रामपंचायतीत विचारून जागा ठरवा, आणि हे काम सुरू करायच्या आधी ठरवा.

एक शेवटचं. काम कोणाचंही असो, झाडायला, वाहायला आणि कपडे धुवायला बाईच असते. धूळ सगळ्यांत जास्त तिच्याच वाट्याला येते. म्हणून मिस्त्री "साधा कापूस आहे" म्हणाला, तर त्याला विचारा, "मग दादा, तुमच्या उशीत भरू का?" आणि मास्कचे, हातमोज्यांचे पैसे आधीच खर्चात धरा. गटाच्या वहीत ती ओळ पहिली लिहा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.