खाजणाच्या बांधावरून भूगोल आणि इतिहास

(माध्यमिक शाळांच्या शिक्षकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माध्यमिक शाळेत नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याला अक्षांशाची व्याख्या विचारली तर बहुधा तो ती अडखळल्यावाचून सांगतो. त्याच विद्यार्थ्याला शाळेच्या पायरीवर उभे करून गावची नदी कोणत्या दिशेला वाहते असे विचारले की तो गोंधळतो. व्याख्या त्याच्या पाठात आहे, नदी त्याच्या गावात आहे, आणि या दोहोंची गाठ कोणी घालून दिलेली नाही. इतिहासातही हेच घडते. १५१० हे वर्ष कोणत्या शतकातले असे विचारले की वर्गातील निम्मे हात पंधराव्या शतकासाठी वर होतात.

भूगोलाच्या व इतिहासाच्या प्राथमिक कल्पना शिकवण्यासाठी गोमंतकात एक सिद्ध साधन आहे. ते म्हणजे मांडवी, जुवारी व त्यांच्या उपनद्यांच्या काठची खाजण जमीन. पण तिच्याकडे वळण्यापूर्वी शाळेच्या आवारात होण्यासारखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिला खर्च नाही.

सपाट जागी एक सरळ काठी उभी रोवावी आणि तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते मुलांनी पाहावे. घड्याळात बारा वाजतील, पण सावली त्यानंतरही आखूड होतच राहील. पणजीचे रेखांश सुमारे ७३ अंश ५० मिनिटे पूर्व आहे. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे या रेखांशावरून धरली आहे. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने पणजीचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटे मागे चालतो. (वर्षभरात यात काही मिनिटांचा फरक पडतो, तो वरच्या वर्गासाठी ठेवावा.) पणजीचे अक्षांश साडेपंधरा अंश उत्तर असल्याने मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात माध्यान्हीला काठीची सावली तिच्या बुंध्याशीच लोपते. ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले असते, म्हणून मेमधला दिवस चुकवू नये. एकदा सावली नाहीशी झालेली पाहिलेल्या मुलाला कर्कवृत्त व विषुववृत्त यांच्यामधील प्रदेशाचा अर्थ पुन्हा समजावून द्यावा लागत नाही.

आता नकाशाकडे. प्रमाण ही कल्पना मुलांना गणितासारखी वाटते. ती खरे तर विवेकाची कल्पना आहे. भारताच्या समुद्रकिनाऱ्याची लांबी ७,५१६.६ किलोमीटर असल्याचे पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतले गेले. केंद्र शासनाच्या २०२३-२४ च्या अहवालात ती ११,०९८.८१ किलोमीटर अशी आली. किनारा वाढला नाही, मोजणी बदलली. पूर्वीचे मोजमाप १९७० च्या दशकातील, लहान प्रमाणाच्या नकाशावरचे होते. मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर खाड्यांची तोंडे, दंतुर कडे, लहानसहान वळणे दिसू लागली आणि आकडा फुगला. दोरी घेऊन शाळेजवळच्या ओढ्याचा काठ एकदा लांब ढांगांनी आणि एकदा वळणावळणाने मोजला तर हाच अनुभव मुलांना अर्ध्या तासात येतो. कोणत्याही आकड्यामागे तो कसा मोजला हा प्रश्न विचारण्याची सवय तेथूनच लागते.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या स्थलदर्शक पत्रकावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. त्यावरील समोच्च रेषा सामान्यतः वीस-वीस मीटर अंतराच्या असतात. सह्याद्रीचा उतार, मधले जांभ्या दगडाचे सडे, त्यांच्या पायथ्याची गावे हे सारे त्यांवरून उत्तम वाचता येते. पण नदीकाठच्या खाजणाशी आले की हे पत्रक मुके होते. कारण खाजणाचे सारे भवितव्य एक-दोन मीटरांच्या चढउतारावर ठरते, आणि वीस मीटरांच्या रेषांत ते मावत नाही. पत्रकाला जे दिसत नाही ते बांधावर राबणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला मात्र पावलाने कळते. गावकऱ्यांना शाळेत बोलवायचे ते याच पाठासाठी.

खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा सखल असलेली, खारफुटीची दलदल बांध घालून लागवडीखाली आणलेली जमीन. गोव्यात अशी जमीन सुमारे अठरा हजार हेक्टर असल्याचे मानले जाते. चिखलमाती व जांभा दगड यांचा बांध नदीचे खारे पाणी बाहेर ठेवतो. बांधात ठिकठिकाणी मानस असते. मानशीची लाकडी दारे अशा बेताने बसवलेली असतात की भरती आली म्हणजे बाहेरच्या पाण्याचा दाबच त्यांना लोटून बंद करतो, आणि ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी त्यांना उघडून बाहेर पडते. दिवसात दोन भरत्या व दोन ओहोट्या. त्यामुळे हे दार चंद्राच्या गतीने उघडमीट करते. चंद्र-सूर्याचे आकर्षण, अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, अष्टमीचा भांग, पाण्याचा दाब आणि वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस हे सारे त्या एका दारापाशी भेटते. पावसाळ्यात आत कोरगुट, आसगो यांसारखे खारेपणा सोसणारे भात पिकते. भाताचा हंगाम सरला की तेच पाणी माशांना उपयोगी पडते.

येथपर्यंत भूगोल झाला. पण हा बांध कोणी घातला, केव्हा घातला, असे मूल विचारील, आणि तेथे इतिहास सुरू होतो.

फोंडा तालुक्यातील बांदोडे येथे कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मन राजाचा ताम्रपट मिळाला आहे. त्यात अशा सखल जमिनीचा ‘खज्जन’ या शब्दाने उल्लेख आहे. ताम्रपटावर आजच्यासारखा सन नाही, शकाचाही आकडा नाही. अक्षरांच्या वळणावरून अभ्यासकांनी तो पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचा ठरवला आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द दीड हजार वर्षे जवळजवळ तसाच राहिला. काळाची लांबी मुलांना उमगावी म्हणून वर्गाच्या भिंतीवर एक दोरी बांधावी, दर शंभर वर्षांना एक वीत धरावी, आणि त्यावर ताम्रपट, १५१०, १९६१ अशा चिठ्ठ्या लावाव्यात. ताम्रपटापासून पोर्तुगीजांच्या येण्यापर्यंतचे अंतर हे त्यानंतरच्या आजपर्यंतच्या अंतराच्या जवळपास दुप्पट आहे, हे डोळ्यांनाच दिसते. पाठ्यपुस्तकाची पाने मात्र बहुधा उलट प्रमाणात वाटलेली असतात.

शतकाचा गोंधळही याच दोरीने सुटतो. पहिली शंभर वर्षे म्हणजे पहिले शतक. म्हणून १५१० हे सोळाव्या शतकातले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आफोंसो द आल्बुकेर्कने तिसवाडी पुन्हा जिंकली तेव्हा शके १४३२ चालू होते. घरच्या पंचांगात शक असतोच. मुलांनी त्यात ७८ मिळवून पाहावेत.

त्यानंतर सोळा वर्षांनी, १५२६ मध्ये, आफोंसो मेशिया या महसुलाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने येथील गावकारी संस्थेचे रीतिरिवाज लिहवून घेतले. हा दस्तऐवज ‘फोराल’ म्हणून ओळखला जातो. त्यावरून गावची जमीन गावकारांच्या मंडळाच्या ताब्यात सामायिक असे, तिचे उत्पन्न व खर्च एकत्र ठरत, हे समजते. पण मुलांना येथेच थांबवून विचारावे : हा कागद कोणी लिहिला? कशासाठी? कर वसूल करू इच्छिणाऱ्या सत्तेला जे ठाऊक हवे होते ते त्यात आहे. बांधावर चिखल टाकणाऱ्या मजुराला काय मिळे, बायका कोणते काम करीत, हे त्या कागदाला विचारावेसे वाटले नाही. साधन खोटे नसते, अपुरे असते. ते कोणत्या बाजूने अपुरे आहे हे ओळखणे म्हणजेच इतिहासाचा अभ्यास.

गावांची व महालांची नावे हेही साधनच. तीस वाड्यांची तिसवाडी, बारा देशांचा बारदेश, सहासष्ट गावांची साष्टी, असे सांगितले जाते. व्युत्पत्ती मनोरंजक असतात, म्हणूनच त्यांच्याविषयी सावध राहावे. कागदोपत्री आधार मिळेपर्यंत त्या वहीत ‘असे म्हणतात’ या सदरात राहू द्याव्यात.

नदी ही सीमा की वाट, हा प्रश्न पुस्तकात क्वचितच येतो. सोळाव्या शतकात जुवारीच्या एका तीरावर पोर्तुगीज सत्ता होती, दुसऱ्या तीरावरचा फोंडा तिच्या बाहेर होता. १५६० च्या सुमारास कुठ्ठाळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला नेला गेला, केळशीची शांतादुर्गाही पलीकडे कवळ्याला गेली. त्या लोकांना तीच नदी वाट होती आणि तीच आश्रयाची सीमा होती. फोंडा महाल १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो पोर्तुगीजांकडे गेला आणि ‘नव्या काबिजादीं’त मोजला जाऊ लागला. आज मंगेशीला जाणारी सहल दर्शन घेऊन परतते. नकाशा सोबत असला तर त्याच सहलीत सत्तेच्या सीमेचा पाठ होतो.

आता सर्वांत कठीण कल्पना : कारण. आज अनेक खाजणांचे बांध खचले आहेत. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि मातीतील मीठ धुऊन जायला एकाहून अधिक पावसाळे जावे लागतात. तोवर खारफुटी परत रुजू लागते. असे का झाले? कोणी सांगतो, मुक्तीनंतर १९६४ मध्ये कूळ कायदा आला, जमीन कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, पण बांधाची जबाबदारी जुन्या मंडळाकडून नव्या कूळ संघटनांकडे जाताना सैल पडली. कोणी खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या लाटांकडे बोट दाखवतो. कोणी म्हणतो, मानशीवरच्या मासळीला भातापेक्षा अधिक पैसा मिळू लागला, म्हणून दारे नको तेव्हा उघडी राहिली. मजुरी वाढली आणि तरुण नोकरीला गेले, हेही खरे. विद्यार्थ्याला यांतले एकच उत्तर निवडायला लावणे हा परीक्षेचा जुना दोष आहे. प्रत्येक कारणापुढे ते कोणाकडून ऐकले हे त्याने लिहावे. कूळ, भाटकार आणि मानशीचा लिलाव घेणारा हे एकाच बांधाची तीन निरनिराळी हकिकत सांगतील, आणि तीनही वहीत शेजारी शेजारी राहिल्या पाहिजेत. कूळ कायद्याने अनेक कुटुंबांना पहिल्यांदा निर्धास्तपणे जमीन कसता आली, ही बाजूही त्यात यायलाच हवी. जुन्या व्यवस्थेचे निव्वळ गोडवे गाऊन इतिहास होत नाही.

स्थानिक अधिकाऱ्यांनी एक साहाय्य करावे. तलाठ्याकडील व भूमापन कार्यालयातील गावनकाशाची प्रत शाळेला पाहावयास द्यावी. स्थलदर्शक पत्रकात न मावणारी खाजणाची विभागणी त्या नकाशात सापडते.

मानस पाहण्यास मुलांना केव्हा न्यावे, हे शाळेच्या वेळापत्रकावर ठरत नाही. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातील खलाशी स्थूलमानाने तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात : पौर्णिमेला सव्वाअकरा, अष्टमीला सहा. नदीतून जसजसे आत जावे तसतशी ती लांबते, म्हणून आदल्या दिवशी गावातील जाणत्याला विचारून घ्यावे. पौर्णिमेच्या सकाळी गेल्यास मिटलेल्या दारावर चढणारे उधाण दिसेल. अष्टमीला सकाळी नऊच्या सुमारास गेल्यास तेच दार उघडून आतले पाणी नदीत जाताना दिसेल. दोन्ही दिवशी एकाच खांबावर पाण्याची खूण करून अंतर मोजावे, आणि मुलांना बांधाच्या आतल्या बाजूनेच चालवावे.