रोजच्या सवयी हेच खरे औषध
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात, पारनेर येथे दिलेले भाषण)



आरोग्यावर बोलावयाचे तर डॉक्टरांनी बोलावे, शिक्षकाने कशाला, असे आपणांपैकी कित्येकांना वाटेल. परंतु डॉक्टरांकडे आपण आजारी पडल्यावर जातो. सवयी मात्र घरात आणि शाळेत लागतात. म्हणून हा विषय मी घेतला आहे.

प्रथम माझीच कबुली देतो. मला अनेक वर्षे तंबाखूची सवय होती. मधल्या सुट्टीत शाळेमागे जाऊन मी मळून घेत असे आणि कोणी पाहत नाही अशी माझी समजूत होती. दोन वर्षांपूर्वी सातवीतील एका मुलाच्या दप्तरात तंबाखूची पुडी सापडली. मी रागावलो. तो मान खाली घालून म्हणाला, "सर, तुम्ही घेता तीच आहे." शिक्षा कोणाला करावी, हे मला कळेना. त्याच दिवशी सोडण्याचे ठरविले, पण दोनदा पुन्हा घसरलो. जेवणानंतर बडीशेप तोंडात टाकून आणि थोडे चालून ती वेळ टाळावयास शिकलो. आज दीड वर्ष झाले. तो मुलगा दर शनिवारी मला विचारतो, "सर, हा आठवडा कसा गेला?" मीही त्याला तेच विचारतो.

आपण सांगतो ते मुले विसरतात, आपण करतो ते उचलतात. हे पारनेरकरांना नव्याने सांगावयास नको. सेनापती बापट १८८० साली याच गावी जन्मले. अभियांत्रिकी शिकण्यासाठी ते एडिंबरोपर्यंत गेले होते. एवढा शिकलेला माणूस पुढे पारनेरात सकाळी हाती झाडू घेऊन रस्ते झाडीत असे. स्वच्छतेवर शंभर भाषणे देण्यापेक्षा त्यांच्या झाडूचा परिणाम अधिक झाला असेल.

दुसरे उदाहरणही आपल्याच जिल्ह्यातील आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. त्यांनी खेड्यांतील साध्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांपैकी कित्येकींना लिहितावाचताही येत नव्हते. शुद्ध पाणी, बाळाचा आहार, गरोदरपणातील काळजी या गोष्टी त्या घरोघर जाऊन सांगू लागल्या. या कार्याबद्दल आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निरक्षर माउली हे करू शकते, तर शिकलेल्या घरांनी मागे का राहावे?

आता रोजच्या गोष्टींकडे वळतो. आपल्याकडे वुजूमुळे हातपाय धुण्याची सवय आहेच. तिला साबणाची जोड द्यावी. जेवणापूर्वी आणि शौचानंतर निदान वीस सेकंद साबणाने हात चोळावेत. मुलाला जुलाब झाल्यास दवाखान्यात नेईपर्यंत थांबू नये. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पाणी थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ जास्त पडू देऊ नये. भगिनींना एक विनंती आहे. मिश्री म्हणजेही तंबाखूच. दात घासण्याच्या नावाखाली ती घरात ठेवू नका.

विद्यार्थ्यांनी दिवसातून एक तास तरी घाम येईल असे खेळावे, धावावे किंवा सायकल चालवावी. मुलींनाही हा तास मिळालाच पाहिजे. घरकाम उरले म्हणून तो कापू नये. झोपेचेही तसेच. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तासांची झोप लागते. रात्री मोबाईल उशाशी ठेवून ती होत नाही. रात्री मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवावा, आणि हा नियम अब्बांनाही लागू असावा.

शेवटी मनाविषयी. ताप आला तर आपण कपाळाला हात लावतो, पण मूल गप्प झाले तर "नाटके करतो" म्हणतो. हे बरे नव्हे. दिवसातून एक जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे आणि त्या वेळी गुणांची चौकशी करू नये. चुलतभावाशी तुलना करू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास राहिले, झोप किंवा भूक उडाली, तर डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही. त्यासाठी शासनाची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतूनही बोलता येते.

बंधू-भगिनींनो, यांपैकी कशालाही फारसा पैसा लागत नाही. सर्व सवयी एकदम लावू नका, त्या टिकत नाहीत. आज घरी गेल्यावर एकच निवडा, आणि ती प्रथम आपण पाळा. मुले पाहत आहेत, हे मी अनुभवाने सांगतो.