नक्कल : व्यक्तिचित्रणाची एक शाळा



‘नक्कल’ हा शब्द आपल्याकडे फारसा मानाचा नाही. रंगमंचावर नकलाकाराला टाळ्या मिळतात, परीक्षेच्या दालनात शिक्षा. तैलरंगातील व्यक्तिचित्रणात मात्र नक्कल ही एक शाळाच होती. ज्यांना दुसरी शाळा लाभली नाही, त्यांना तर तिचाच आधार होता.

राजा रविवर्मा वडोदेकरांना परके नाहीत. १८४८ साली किळिमानूर येथे जन्मलेल्या या कलावंताला त्रावणकोरच्या दरबारी चित्रकाराने, रामस्वामी नायकर यांनी, तैलरंगांची विद्या देण्याचे नाकारले. १८६८ साली थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार महाराजांचे चित्र काढण्यास आला. त्यानेही शिकविले नाही. काम करताना पाहू मात्र दिले. पुढे १८८१ साली सयाजीराव महाराजांच्या राज्याधिकारग्रहणाच्या वेळी रविवर्मा वडोदऱ्यास आले. पूर्वी त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण झालेले तंजावरी मराठी गृहस्थ सर टी. माधवराव हा या दोन दरबारांमधला दुवा होता.

त्या पाहण्याला एवढे मोल का? पूर्ण झालेले चित्र आपला क्रम लपविते. कोणता थर आधी बसला आणि कोणता मागाहून, हे पृष्ठभागावरून सहजी कळत नाही. ज्याला जेन्सनसारखा चित्रकार पाहावयास मिळत नाही, त्याने तयार चित्रासमोर बसून तो क्रम उलटा उकलावा लागतो. नकलेचे खरे काम तेच. प्रथम चौकटी आखून कोळशाने रेखाटन, मग टर्पेंटाइनने पातळ केलेल्या उंबर रंगात छायाप्रकाशाची मांडणी, आणि त्यानंतर त्वचेचे रंग. खालचा थर कमी तेलाचा, वरचा अधिक तेलाचा. हा नियम मोडला तर पुढे रंग तडकू शकतो. नवशिक्याला धक्का बसतो तो डोळ्यांपाशी. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पांढरा नसतोच. तो राखाडी, कडेला किंचित तांबूस असतो. शुद्ध पांढरा लावला की चेहरा बाहुलीचा होतो. गालाची कड पार्श्वभूमीत कोठे विरते आणि कोठे स्पष्ट उमटते, हे तर कुंचल्याला स्वतः करून पाहिल्याखेरीज उमगत नाही.

येथे एक फसवणूकही संभवते. जुन्या चित्रावरचे वार्निश काळाने पिवळे पडलेले असते. भाबडा नकलाकार ते पिवळेपणच मूळ रंग समजून उतरवितो आणि गुरूचा हात सोडून गुरूवरची धूळ शिकतो.

रविवर्म्यांच्या बाबतीत नकलेचे आणखी एक प्रकरण घडले. १८९४ साली मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला आणि त्यांच्या चित्रांचे ओलिओग्राफ घरोघरी लागले. ज्यांनी मूळ कॅनव्हास कधी पाहिला नाही, अशा हौशी मुलांना हीच चित्रे उतरविणे सुलभ झाले. त्यातून रचना, वेशभूषा, हाताची ठेवण समजली; परंतु छापील कागदावर रंगाची जाडी नसते, थर नसतात, कुंचल्याचा मागमूस नसतो. तेव्हा छापील चित्रावरून शिकलेल्याचा हात पुष्कळदा रंगविण्याऐवजी भरण्याकडेच वळतो.

म्हणून मूळ चित्र जवळ असणे ही मोठीच सोय. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात १९६१ साली सुरू झालेल्या महाराजा फत्तेसिंग संग्रहालयात रविवर्म्यांची चित्रे आहेत. युरोपीय चित्रांच्या नकलाही तेथे आहेत. पॅरिसच्या लुव्रमध्ये तर नकलाकारांना रीतसर परवाना मिळतो. अटी अशा की नकलेचा आकार मुळाहून वेगळा असावा आणि मूळ चित्रकाराची सही तिच्यावर नसावी.

आणि एके दिवशी चित्राच्या जागी माणूस येऊन बसते. ते हलते, कंटाळते, पान खाते, दुपार कलली की त्याच्या नाकाची सावली दुसऱ्या गालावर जाते. चित्रातल्या त्या निश्चल चेहऱ्यात या अडचणी दुसऱ्याच कोणीतरी सोडवून ठेवलेल्या असतात; येथे त्या पुन्हा पहिल्यापासून सोडवाव्या लागतात, आणि समोरचे माणूस विचारीत असते, “झाले का हो?”